रंगाबद्दल सगळं माहीत आहे, मग रंग माहीत आहे का? (डोळ्याच्या डॉक्टरचं उत्तर, जरा लांबलंय)

भाऊ, तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुझ्या चुलतभावाला भुसावळला लोको पायलटच्या मेडिकलमधे रंगांच्या टेस्टवर अनफिट केलं. तेव्हापासून त्याने डोळा, मेंदू, प्रकाश यावर मिळेल ते वाचून काढलं, आणि आता तुम्ही दोघं रात्री गच्चीवर यावरून भांडता की सायन्सचं सगळंच्या सगळं ज्ञान मिळालं तर न बघता रंग कळेल का, आणि नसेल कळत तर शरीराच्या पलीकडे काहीतरी आहे असं मानायचं का. वरून तो ऑनलाइन मिळणारा रंग दाखवणारा चष्मा घ्यावा का हेही विचारलंयस.

मी धुळ्याला डोळ्याची प्रॅक्टिस करतो, त्यातच केस पांढरे झाले. फिलॉसॉफी माझा पेशा नाही, पण हा एक प्रश्न ओपीडीत समोर येऊन बसतोच त्यामुळे यावर वाचत आलोय. थोडक्यात सांगायचं तर न बघता रंग कळणार नाही. पण तेवढ्यावरून रंगाचा अनुभव शरीराबाहेरचा आहे असंही ठरत नाही. तुझा भाऊ पहिलं मान्य करायला तयार नाही आणि तू पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतोयस, म्हणून तुमचं भांडण मिटत नाहीये.

हा वाद ज्या गोष्टीवरून गाजला ती ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक जॅक्सन या फिलॉसॉफरची, १९८२ सालची. मेरी नावाची एक महाहुशार शास्त्रज्ञ आहे, जन्मापासून काळ्या-पांढऱ्या खोलीत बंद, पुस्तकं काळी-पांढरी, टीव्हीसुद्धा काळा-पांढरा. त्यातूनच ती रंग बघताना डोळ्यात आणि मेंदूत काय होतं ते सगळं शिकते, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी काहीही बाकी ठेवत नाही. मग एक दिवस दार उघडतं आणि ती पहिल्यांदा लाल रंग बघते. तिला काही नवीन कळलं का? जॅक्सन म्हणाला, कळलं, यात शंका कसली. मग आधी सगळं फिजिकल ज्ञान असूनही काहीतरी राहिलंच होतं ना, म्हणजे जगात सगळंच फिजिकल नाही. १९८६ मधे त्याने हेच आणखी घट्ट करून पुन्हा मांडलं. बस, एवढंच आर्ग्युमेंट आहे, आणि चाळीस वर्षं झाली तरी लोक यावर लिहितायत.

डॉक्टर म्हणून माझी यावर पहिली तक्रार अशी की ही खोली चालणारच नाही. बाईच्या स्वतःच्या हाताचा रंग आहे, नखाखालचं रक्त आहे, डोळे चोळले तर आत रंगीत ठिपके दिसतात. आणि समजा हे सगळं अडवलं तरी लहानपणी रंग न मिळालेल्या मेंदूची रंगदृष्टी नीट तयारच होत नाही. जपानमधे योइची सुगिता यांनी माकडाची पिल्लं जवळपास वर्षभर एका वेळी एकाच तरंगलांबीच्या उजेडात वाढवली होती, २००४ मधे ते प्रसिद्ध झालं. बाहेर आल्यावर त्या माकडांना उजेड बदलला की वस्तूचा रंग तोच आहे हे ओळखणं जमेना. म्हणजे खरी मेरी बाहेर आली तर तिला आपल्यासारखा लाल दिसेल याची काही गॅरंटी नाही. पण हे आक्षेप बाजूला ठेवू, फिलॉसॉफर लोकांना खोलीच्या बांधकामाशी देणंघेणं नसतं आणि मुद्दा त्यावर अडलेला पण नाहीये.

मेरी आम्हाला ओपीडीत भेटते, फक्त ती साधारण बावीस वर्षांचा पोरगा असते आणि तिच्या खिशात भरतीचा फॉर्म असतो. ईशिहाराची पुस्तिका तुझ्या भावाने बघितलीच आहे, जपानच्या शिनोबु ईशिहारा यांनी १९१७ मधे काढलेली, ठिपक्यांची वर्तुळं आणि त्यात लपलेले आकडे. त्यातल्या एका पानावर ज्याची रंगदृष्टी चांगली त्याला ७४ दिसतो, आणि लाल-हिरव्यात ज्याचा घोळ आहे त्याला २१. तर ही पोरं मोबाईलवरून पुस्तिका पाठ करून येतात. कुठल्या पानावर काय म्हणायचं, का म्हणायचं, आपल्याला काय दिसणार आणि डॉक्टरला काय ऐकायचंय, सगळं तोंडपाठ. आणि ७४ म्हणतात, बरोबर म्हणतात! पण दिसत नाही. म्हणून पानं उलटसुलट दाखवावी लागतात, बोटाने आकडा गिरवायला सांगावा लागतो, आणि रेल्वेत एड्रिज-ग्रीनचा कंदील अंधाऱ्या खोलीत लावून सिग्नलसारखे छोटे दिवे दाखवतात ते याचसाठी. त्या पोराकडे त्या पानाबद्दलची माहिती आहे, उत्तर आहे, कारण पण आहे. तरी आपल्याकडे काहीतरी कमी आहे हे त्याला स्वतःलाच सगळ्यात चांगलं माहीत असतं, नाहीतर पाठ करायची गरजच काय होती.

आणि गंमत बघ, त्याच पुस्तिकेत काही पानं उलटी आहेत. तिथे माझ्यासारख्याला नुसते ठिपके दिसतात आणि तुझ्या भावाला आकडा स्पष्ट दिसतो. त्या पानापुरता मी मेरी. ते पान कसं बनवलंय, कुठला शेड कशाला झाकतोय, त्याच्या डोळ्यात काय होतंय हे मी तासभर समजावून सांगू शकतो, पण त्याला तो आकडा जसा उठून दिसतो तसा मला दिसत नाही.

याहून खरा नमुना पाहिजे असेल तर नॉर्वेचे नूट नॉर्डबी. जन्मापासून त्यांचे शंकू, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या रंग टिपणाऱ्या पेशी, कामच करत नव्हत्या. संपूर्ण रंगांधळेपणा, ॲक्रोमॅटॉप्सिया म्हणतात, जगात साधारण तीस हजारात एकाला असतो. आणि हा माणूस झाला काय, तर दृष्टीचाच शास्त्रज्ञ! रंगाचं फिजिक्स, शंकूंचं शरीरशास्त्र, सगळं त्यांच्या हातचं. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की या ज्ञानाचा रंग म्हणजे नक्की काय हे समजायला काहीही उपयोग झाला नाही. मला वाटतं हा पुरावा कुठल्याही काल्पनिक खोलीपेक्षा भारी आहे. तेव्हा तुझ्या भावाला सांग, पहिला मुद्दा तू हरलास.

आता दुसरा मुद्दा, तो तुझ्याकडे येतोय. आधी फिजिकल ज्ञान कुठपर्यंत जातं ते नीट बघ, कारण लोक ते फार कमी धरतात.

शंकू तीन तऱ्हेचे. एकाची सगळ्यात जास्त दाद ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, दुसऱ्याची ५३०, तिसऱ्याची ४२०. लोकांना वाटतं लालचा शंकू, हिरव्याचा शंकू, निळ्याचा शंकू, तसं काही नाही. एकटा शंकू रंगांधळाच असतो. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, शोषला की तो किती नॅनोमीटरचा होता ही माहिती तिथेच संपते, शंकू फक्त किती शोषले तेवढं कळवतो, त्यामुळे न आवडता प्रकाश भरपूर टाकला काय आणि आवडता थोडा टाकला काय, त्याला दोन्ही सारखंच. रंग निघतो तो तिघांच्या तुलनेतून. मोबाईलवर केळ्याचा फोटो उघड. त्या स्क्रीनमधे पिवळा दिवा नाहीच, लाल आणि हिरवे बारीक दिवे एकत्र पेटलेत. रावेरच्या घडावरून येणारा प्रकाश आणि फोनमधून येणारा प्रकाश, फिजिक्सने बघितलं तर दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी, पण तुझ्या तिन्ही शंकूंना दोन्हीकडून सारखाच हिशोब पोचतो म्हणून दोन्ही पिवळे. न्यूटनने १७०४ मधेच लिहून ठेवलंय की किरणांना स्वतःला रंग नसतो.

तुझ्या भावाचं बहुतेक हिरव्याकडच्या शंकूचं रंगद्रव्य एकतर नाहीये नाहीतर सरकून लालकडच्याच्या फार जवळ गेलंय. हे जीन एक्स क्रोमोसोमवर असतं म्हणून हा प्रकार पुरुषांमधे जास्त, युरोपीय वंशाच्या पुरुषांमधे तर सुमारे आठ टक्के. त्याला आईकडून आलंय, त्याच्या मामांना बसवून पुस्तिका दाखव, एखादा सापडायची चांगलीच शक्यता आहे. आणि एवढ्या माहितीवर मी त्याला न भेटता सांगू शकतो की नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरचीत राहिलेली हिरवी मिरची त्याला पटकन सापडणार नाही, केळं अर्धकच्चं आहे की तयार हे तो रंगापेक्षा हात लावून ठरवत असेल, आणि चार्जरचा दिवा लालचा हिरवा झाला की नाही हे घरच्यांना विचारत असेल. अॅनोमॅलोस्कोप नावाचं मशीन असतं, त्यात लाल आणि हिरवा प्रकाश मिसळून समोरच्या पिवळ्याशी जुळवायचा. तो कुठे जुळवेल ते पण आधी सांगता येतं. (हे मशीन विलिबाल्ड नागेल यांचं, १९०७ चं. वटवाघूळ असणं आतून कसं वाटत असेल हा १९७४ चा प्रसिद्ध प्रश्न विचारणारे ते थॉमस नागेल, ते वेगळे. पण एकाच आडनावाच्या दोघांनी एकाच प्रश्नाच्या दोन बाजू धरल्यात याचं मला कायम हसू येतं.)

अणूवाल्या जॉन डाल्टनची गोष्ट ऐक. तो स्वतः रंगांधळा होता, १७९४ मधे त्याने त्यावर निबंध वाचला. त्याला वाटायचं आपल्या डोळ्यातलं पाणीच निळं असणार, म्हणून त्याने सांगून ठेवलं की मेल्यावर डोळे उघडून बघा. १८४४ मधे बघितलं, पाणी एकदम स्वच्छ. पण डोळ्याचे अवशेष जपून ठेवले होते, आणि १९९५ मधे त्यातून डीएनए काढून कळलं की मधल्या, म्हणजे हिरव्याकडच्या शंकूचं रंगद्रव्यच त्याच्याकडे नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला कुठले रंग सारखे दिसत होते हे वाळलेल्या डोळ्याच्या तुकड्यावरून सांगता आलं, आणि त्याने जिवंतपणी लिहिलेल्याशी ते जुळलं. हे काय थोडकं ज्ञान आहे का?

मोतीबिंदूचं तर आम्ही येताजाता बघतो. आपल्याकडे अजून म्हातारी माणसं मोतीबिंदू पिकू दे मग काढू म्हणत बसतात, तोपर्यंत आतली लेन्स पिवळी, मग तपकिरी होते आणि निळा प्रकाश आतच अडतो. इतकं हळूहळू होतं की पत्ता लागत नाही. मग एका डोळ्याचं ऑपरेशन होतं, पट्टी निघते, आणि साक्रीकडची आजी म्हणते, "डाक्टर, माले सगळं निळं दिखी ऱ्हायनं." मी सांगतो, आता एक डोळा झाक, मग दुसरा झाक. जुन्या डोळ्याने भिंत मळकट पिवळी, नव्याने निळसर पांढरी, आणि दोन्ही वेळा आजी तीच, भिंत तीच. मग काही आठवड्यांनी-महिन्यांनी निळेपणा ओसरतो कारण मेंदू पांढरा कशाला म्हणायचं ते नव्याने बसवून घेतो. यात मला आधीपासून माहीत नसतं असं काहीच घडत नाही. कुठल्या बाजूला रंग सरकणार, साधारण किती, कधी ओसरणार. फक्त तिला ते आतून जसं वाटतं तेवढं तिचं.

म्हणजे रंगांमधले फरक, त्यांचे आपसातले संबंध, हे फिजिकल ज्ञानाच्या कक्षेत येतं. निळसर हिरवा असतो, पिवळसर लाल असतो, पण हिरवट लाल असा रंग का नसतो? कारण पुढे नसांमधे लाल विरुद्ध हिरवा आणि निळा विरुद्ध पिवळा अशी वजाबाकी होते, एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हेरिंगने हे एकोणिसाव्या शतकात ओळखलं होतं. असं एकेक सुटत आलंय. जे उरतं ते एवढंच की हे सगळं चालू असताना लाल हा असा का वाटतो.

आता मेरीवर लोकांनी काय उत्तरं दिली ते बघू, सगळी सांगत नाही, मला पटणारी-न पटणारी दोन-तीन.

डेव्हिड लुईस आणि लॉरेन्स नेमिरो या फिलॉसॉफरांचं म्हणणं की मेरीला नवी माहिती मिळतच नाही, तिला नवं कौशल्य मिळतं, लाल ओळखता येणं, आठवता येणं, मनात आणता येणं. ऐकायला छान आहे. पण मग जळगावच्या फुले मार्केटमधे मॅचिंग घ्यायला बाया साडी सोबत का नेतात? कारण तो नेमका शेड डोळ्यासमोर असेपर्यंत पूर्ण कळलेला असतो आणि पायरी उतरली की आठवतही नाही, मनात आणता येत नाही, दोन जवळचे तागे समोर टाकले तर ओळखताही येत नाही. तिन्ही कौशल्यं शून्य, तरी बघताना कळत होतं की नाही? होतंच. म्हणून कौशल्याचं उत्तर मला अर्धंच वाटतं.

डॅनियल डेनेट यांचं उत्तर आपल्या भागातल्या माणसाला आवडेल असं आहे, त्यात केळं आहे. १९९१ मधे त्यांनी मेरीची गोष्ट पुढे वाढवली. तिला फसवायला खोलीबाहेर निळं रंगवलेलं केळं दाखवतात, आणि ती बघताच म्हणते, फसवताय काय, केळं पिवळं असतं आणि हे निळं आहे. कारण सगळं माहीत असणं म्हणजे कुठल्या रंगाने आपल्या डोक्यात नेमकं काय होईल हे पण माहीत असणं, ते झालेलं तिने ओळखलं. आपल्याला हे अशक्य वाटतं कारण सगळं हा शब्द आपण तोंडाने म्हणतो, मनात मात्र एखाद-दोन पुस्तकंच आणतो. या टोल्यात दम आहे. पण माझी शंका अशी की ती ओळखते कशी? स्वतःच्या प्रतिक्रियांवरून हिशोब मांडून, म्हणजे तो ७४ पाठ करणारा पोरगा करतो तसंच, फक्त फार वरच्या दर्जाचं. हिशोबाने निळा ठरवणं आणि निळा कसा दिसतो ते आधीच माहीत असणं यात फरक राहतोच. जाता जाता सांगतो, निळं केळं अगदीच खोटं नाही. ऑस्ट्रियाच्या इन्सब्रुकमधे २००८ साली दाखवून दिलंय की पिकतं केळं अतिनील दिव्याखाली निळं चमकतं, सालीतलं हरितद्रव्य मोडून जे पदार्थ होतात त्यांच्यामुळे. केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर ओळखीचं असेल तर नोटा तपासायचा दिवा घेऊन जा आणि बघ.

माझ्या डोक्यात हा गुंता ज्याने सुटला ते उत्तर आपल्या न्यायशास्त्रात आहे. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात विस्तवाचं उदाहरण येतं. विश्वासू माणसाने सांगितलं की तिकडे विस्तव आहे, हे शब्दप्रमाण. जवळ जाताना धूर दिसला, हे अनुमान. अजून पुढे गेलो आणि विस्तवच बघितला, हे प्रत्यक्ष. तीन वेगळी प्रमाणं, म्हणजे कळायच्या वाटा, पण विस्तव तोच, आणि प्रत्यक्ष झाल्यावरच जिज्ञासा शमते. याला प्रमाणसंप्लव म्हणतात. उलट दिङ्नागासारखे बौद्ध आचार्य म्हणायचे की नाही, प्रत्यक्षाचा विषय वेगळा आणि अनुमानाचा वेगळा, एकाचं क्षेत्र दुसऱ्याला मिळत नाही. दीड हजार वर्षांपूर्वीचं हे भांडण आणि तुमचं गच्चीवरचं भांडण यात मला फार अंतर दिसत नाही. मी यात नैयायिकांकडून आहे. मेरीने लालबद्दल ऐकलं, अनुमान केलं, आणि शेवटी प्रत्यक्ष केलं. तिची जिज्ञासा शमली, तिला काहीतरी मिळालं हे शंभर टक्के खरं. पण म्हणून दार उघडल्यावर जगात दुसरा विस्तव पेटला असं नाही. मेंदूतली जी घटना ती इतके दिवस बाहेरून वाचत होती तीच आता तिच्या मेंदूत घडली. नॉर्डबींचं वाक्य यात बसतं, आजीचं निळं बसतं, आणि शरीराबाहेर काही शोधायला जावं लागत नाही.

तू म्हणशील, डॉक्टर, ही तुमची आवड झाली, पुरावा काय? तर ज्या कारणाने मला जॅक्सनचा निष्कर्ष मान्य करताच येत नाही ते माझ्या धंद्यातलं आहे. जॅक्सनला १९८२ मधे मान्यच करावं लागलं की हा अनुभवाचा फिजिकल नसलेला भाग शरीरात काहीच करत नाही. कारण आजीचे ओठ हलले ते नसांमुळे, नसा चालल्या त्या आधीच्या नसांमुळे, या साखळीत बाहेरून ढकलायला कुठे जागाच नाही. ठीक आहे. पण मग आजी "निळं दिखी ऱ्हायनं" म्हणाली ते तिला निळं दिसलं म्हणून नाही! दिसणं बाजूला नुसतं बसून होतं आणि तोंड आपलं आपलं चालत होतं. असं असेल तर मी पेशंटच्या बोलण्यावर विश्वास कशाला ठेवायचा? आमच्या अर्ध्या तपासण्या, चष्म्याचा नंबर काढताना हे बरं की ते बरं विचारण्यापासून ईशिहारापर्यंत, याच भरवशावर उभ्या आहेत की माणसाला जसं दिसतं त्यामुळे तो तसं बोलतो. आणि तो भरवसा रोज खरा ठरतो, चष्मा बसतो. तसंच मेरीचं. लाल बघून ती "अरे वा" म्हणाली ते जर लालच्या अनुभवामुळे नाहीच, तर त्या "अरे वा" वरून जॅक्सन तरी काय सिद्ध करणार? अनुभव काम करत असेल तर तो नसांच्या साखळीतलाच एक भाग पाहिजे. पुढे जॅक्सनने स्वतःच आपलं मत सोडलं आणि फिजिकलवाल्यांच्या बाजूला आला, आणि त्यामागे हा काटा होताच. तू ज्याच्या जोरावर भांडतोयस त्यानेच माघार घेतलीय एवढं भावाला सांगू नको, तो डोक्यावर बसेल.

मग स्पष्टीकरण पूर्ण झालं का? नाही, आणि इथे मी तुझ्या भावाच्या बाजूने फार ओढणार नाही. पाण्याचे रेणू कसे धरून असतात हे कळलं की पाणी वाहणारच हे आपोआप पटतं, वेगळं पटवावं लागत नाही. शंकू, वजाबाकी, मेंदूतले रंगाचे भाग हे सगळं कळलं तरी मग लाल असाच वाटणार हे तसं आपोआप पटत नाही. जोसेफ लेव्हिनने १९८३ मधे या फटीवर बोट ठेवलं, डेव्हिड चाल्मर्सने १९९५ मधे त्याला कठीण प्रश्न असं नाव दिलं आणि ते नाव चिकटलं. चाल्मर्स म्हणतो फट जगातच आहे. मला वाटतं ती आपल्या समजण्याच्या दोन वाटांमधे आहे, पण ती बुजवून दाखवलीय असं कुणी म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नको. संस्कृत काव्यशास्त्र लिहिणाऱ्या दंडीने काव्यादर्शात म्हटलंय की ऊस, दूध आणि गूळ यांच्या गोडीत फरक मोठा आहे पण तो सरस्वतीलाही सांगता यायचा नाही. मात्र दंडी तेवढंच म्हणून थांबतो, गोडी उसात नसून आणखी कुठेतरी आहे असं म्हणत नाही. जॅक्सन ते पुढचं पाऊल टाकून बसला.

आता चष्मा. ते रंगीत फिल्टरचे चष्मे लाल आणि हिरव्याच्या मधला थोडा पट्टा कापतात, त्यामुळे काही जोड्यांमधला फरक वाढतो, पण त्याच वेळी दुसऱ्या काही जोड्या सारख्या व्हायला लागतात. नसलेलं रंगद्रव्य काचेतून येत नाही. ज्याचा शंकू नुसता सरकलेला आहे त्याला थोडी मजा वाटेल, ज्याच्याकडे नाहीच त्याला फारसं काही नाही. आणि तो घालून रेल्वेचं मेडिकल पास होत नाही, त्यासाठी तर अजिबात घेऊ नका. चष्मा घालून रडणाऱ्या माणसांचे व्हिडिओ बघून हजारो रुपये घालवायचे की नाही ते तुम्ही ठरवा, मी नाही घालवणार.

खरी आशा कुठे आहे ते सांगतो, आणि तुमच्या भांडणालाही त्यात खाद्य आहे. २००९ मधे अमेरिकेत जे आणि मॉरीन निट्झ यांच्या टीमने पूर्ण वाढ झालेल्या दोन माकडांच्या डोळ्यात त्यांच्याकडे जन्मतः नसलेल्या रंगद्रव्याचं जीन घातलं. त्यातल्या एकाचं नाव मुद्दाम डाल्टन ठेवलेलं! काही महिन्यांनी ती माकडं आधी न जमणारी लाल-हिरव्याची परीक्षा पास व्हायला लागली. त्यांना लाल आतून कसा वाटला हे ती सांगू शकत नाहीत. माणसात लाल-हिरव्यासाठी हे अजून इलाज म्हणून मिळत नाही. पण इस्रायलमधे पूर्ण रंगांधळ्या पेशंटवर जीन थेरपी झाली आणि २०२३ मधे त्यांच्या रंगदृष्टीवरचा पेपर आला. ते लोक मेरीसारखे लाल गुलाब बघून हरखले नाहीत. त्यांनी सांगितलं की लाल वस्तू भोवतालपेक्षा वेगळ्याच पातळीवर असल्यासारखी दिसते. आपण ज्याला लाल म्हणतो तसंच त्यांना दिसतंय असं काही त्यातून निघत नाही. भावाला विचार, या वर्णनावरून त्याला काय वाटतं, माझ्यापेक्षा त्याचा अंदाज जास्त कामाचा असेल.

आणि त्याला एकदा व्यवस्थित तपासून घे, घोळ किती आहे ते लिहून घे. जून २०२० पासून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं, फक्त तीव्र असेल तर नाही. रेल्वेतही ऑफिसकडच्या काही पदांना रंगदृष्टीची अट नसते, जाहिरातीत मेडिकल कॅटेगरीचा रकाना वाचूनच फॉर्म भरायचा. धुळ्याला आणणार असशील तर सकाळी आण, दिवसाच्या उजेडात पुस्तिका नीट दाखवता येते, आणि येताना मोबाईलवर पानं बघून येऊ नको म्हणावं.